तीनशे चिप्सचा पोकर संच : पेटीतला कागद आणि फुल हाउसचा पेच

गेल्या दिवाळीपूर्वी जळगावच्या बाजारातील एका दुकानातून मी तीनशे चिप्सचा, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्यांचा, पोकर संच २,४०० रुपयांना विकत घेतला आणि तेव्हापासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अमळनेरच्या आमच्या ओसरीवर तो जवळजवळ दर रविवारी वापरला. ॲल्युमिनियमची पेटी, चार रंगांच्या चिप्स, पत्त्यांचे दोन कॅट, डीलरची पांढरी चकती आणि पानांची क्रमवारी छापलेला एक कागद एवढा ऐवज त्यात होता. पेटीवर निर्मात्याचे नाव नाही. अगदी असाच संच मला पुढे धुळ्यातही वेगळ्या वेष्टनात दिसला. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचे नसून या धाटणीच्या संचाचे आहे, असे समजावे.

खरेदीचे निमित्त माझा भाचा ठरला. तो फोनवर पोकर खेळत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचे ॲप बंद पडले आणि रविवारी दुपारी तो आमच्याकडे येऊन बसू लागला. आखाजीला पत्ते कुटणे खानदेशाला नवीन नाही. बायका झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि पुरुषमंडळी निंबाखाली डाव मांडून बसतात, हे चित्र आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. मात्र तो डाव असतो रमीचा किंवा तीन पत्तीचा. पोकर आमच्यापैकी पाच जणांना नवे होते. आम्ही पैसे लावत नाही. ज्याच्या चिप्स आधी संपतात, त्याने पुढच्या रविवारी सर्वांसाठी चहा करायचा, एवढाच दंड असतो.

संच पारखण्याची माझी कसोटी एकच आहे. आपल्याकडे भारी पाने असताना समोरच्याने मोठी रक्कम पुढे सरकवली, तर कॉल करावा (तेवढीच रक्कम टाकून डावात राहावे) की फोल्ड (पाने टाकून द्यावीत), हा पोकरमधला सर्वांत अवघड निर्णय असतो. हलकी पाने टाकून द्यायला अक्कल लागत नाही. भारी पाने टाकण्यापूर्वी मात्र पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, किती आहे, पुढे आलेली रक्कम किती आहे, कोणाकडे किती उरले आहे आणि पटावर नेमके काय उघडले आहे, या चार गोष्टी एका नजरेत दिसाव्या लागतात. त्या दाखवणारा संच चांगला; पेटी चकचकीत असली काय आणि नसली काय.

आधी वजन पाहू. दुकानदाराने एक चिप साडेअकरा ग्रॅमची असल्याचे सांगितले होते. जळगावात सोन्याचे दुकान असलेल्या एका मित्राच्या काट्यावर आम्ही वीस चिप्स ठेवल्या, तर २२८ ग्रॅम भरल्या; म्हणजे दुकानदाराचा शब्द खरा म्हणायला हरकत नाही. आत धातूची चकती आणि बाहेर प्लास्टिक अशी ही रचना असते. तिच्यामुळे चिप हातात भरीव लागते आणि वीस चिप्सची चळत पंख्याच्या वाऱ्यात सरकत नाही. टेबलावर घोंगडी अंथरल्यास आवाजही होत नाही. या बाबतीत पैसे वसूल झाले.

संख्येबाबतही तक्रार नाही, पण मर्यादा आहे. संचात पांढऱ्या व लाल चिप्स प्रत्येकी शंभर, हिरव्या व निळ्या प्रत्येकी पन्नास आहेत. आम्ही पांढरी १०, लाल ५०, हिरवी १०० आणि निळी ५०० अशी किंमत ठरवली आणि प्रत्येकाला १५ पांढऱ्या, १५ लाल, ६ हिरव्या व १ निळी अशा २,००० च्या चिप्स दिल्या. ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होण्यापूर्वीच दोघांनी टाकायच्या रकमा, १० आणि २० ठेवल्याने प्रत्येकाकडे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट रक्कम येते. सहा खेळाडूंना हे उत्तम पुरते; सातवा आला की पांढऱ्या चिप्स कमी पडतात. ही शंभरपट महत्त्वाची आहे, कारण सुरुवातीलाच प्रत्येकाला वीसपट दिली, तर फोल्डचा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. पॉटमध्ये १,२०० जमले असताना समोरच्याचे उरलेले ४०० पुढे आले, तर २,००० च्या पॉटसाठी आपल्याला ४०० टाकायचे असतात. पाचांत एकदा जिंकलो तरी भागते. अशा वेळी भारी पाने हातात घेऊन विचार करत बसणे म्हणजे वेळ काढणे आहे. विचार करायला खोल चळत लागते आणि ती हा संच देतो.

आता पेटीतल्या कागदाविषयी सविस्तर लिहितो, कारण या संचातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत घातक वस्तू तीच आहे.

उपयोगी अशासाठी की तीन पत्ती खेळून आलेल्या माणसाची क्रमवारी पोकरमध्ये हमखास चुकते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरला (एकाच रंगाच्या पानांना) मारतो. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला मारतो. पहिल्या रविवारी यावरून आमच्याकडे बराच वाद झाला. कारण मोजणीत आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ असतात, म्हणून दुर्मीळ असलेला सिक्वेन्स वरचढ ठरतो. पाच पानांचे २५,९८,९६० प्रकार होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि फ्लश ५,१०८ असल्याने क्रम उलटतो. मोजायलाच बसलो तर तीन पत्तीत सर्वांत वरचढ मानल्या जाणाऱ्या ट्रेलचे, म्हणजे तीन सारख्या पानांचे, ५२ आणि प्युअर सिक्वेन्सचे, म्हणजे एकाच रंगाच्या सिक्वेन्सचे, ४८ प्रकार निघतात, म्हणजे खरे तर प्युअर सिक्वेन्स अधिक दुर्मीळ आहे; पण ही गोष्ट आमच्याकडच्या जुन्या खेळाडूंना सांगून पाहावी, कोणी ऐकून घेत नाही.

हाच कागद घातक अशासाठी की तो पानांची नावे देतो आणि तिथेच थांबतो. नवा खेळाडू त्यावर बोट ठेवून पाहतो, फुल हाउस (तीन सारखी पाने आणि एक जोडी) वरून चौथ्या ओळीत सापडते, आणि मग ते टाकून देण्याची कल्पनाही त्याच्या मनाला शिवत नाही. तीन पत्तीत ही सवय काही अंशी चालून जाते, कारण तिथे तिन्ही पाने आपली एकट्याची असतात. आपल्याला ट्रेल आला म्हणून शेजाऱ्याची पाने सुधारत नाहीत. आम्ही खेळतो त्या होल्डेम प्रकारच्या पोकरमध्ये दोन पाने आपली असतात आणि सातांपैकी उरलेली पाच पटावर उघडलेली, सर्वांची असतात. जे पान आपल्या पानांना फुल हाउस करते, तेच समोरच्याच्याही कामी येते. कागदावरची क्रमवारी न बदलता आपल्या पानांचे मोल अर्ध्यावर येऊ शकते, आणि त्याची सूचना कागदावर कुठेही नाही.

माझ्या बाबतीत हे एकाच डावात घडले. माझ्याकडे इस्पिक आणि किलवर अठ्ठीची जोडी होती. मी ६० चा रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली. सगळ्यांनी पाने टाकली आणि फक्त नाना कॉल करून राहिले. नाना आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक, आणि वहीत आकडेमोड केल्याशिवाय भाजीही न घेणारे गृहस्थ आहेत. ब्लाइंडसह पॉट झाला १५०. फ्लॉपवर, म्हणजे पटावरच्या पहिल्या तीन पानांत, इस्पिक राजा, बदाम अठ्ठी आणि बदाम चौकी आली. मी १०० टाकले, नानांनी कॉल केला, पॉट ३५०. टर्नला, म्हणजे चौथे पान म्हणून, चौकट राजा आला आणि माझे फुल हाउस झाले, तीन अठ्ठ्या आणि दोन राजे. मी २५० टाकले, नानांनी पुन्हा कॉल केला, पॉट ८५०. रिव्हरला, म्हणजे पाचवे व शेवटचे पान म्हणून, किलवर चौकी पडली.

ती चौकी मला निरुपद्रवी वाटली. कोणाला वाटणार नाही? दोन बदामांनंतर तिसरे बदाम आले नव्हते, म्हणजे फ्लश कोणाचाच झाला नव्हता, आणि माझ्या फुल हाउसला धक्का लागलेला दिसत नव्हता. नानांनी स्वतः रक्कम लावावी या लोभाने मी चेक म्हटले, म्हणजे काहीच न लावता पाळी पुढे दिली. नानांनी शांतपणे चष्मा पुसला आणि चिप्स पुढे सरकवल्या.

इथे संचाचा पहिला मोठा दोष समोर आला. चिप्सवर आकडे छापलेले नाहीत. रंगावरूनच किंमत ओळखायची असते, आणि ओसरीवरच्या पिवळ्या बल्बखाली हिरवी व निळी चिप सारखीच दिसते. नानांनी एक निळी, तीन हिरव्या व एक लाल, म्हणजे ८५० टाकले होते. मला चार हिरव्या व एक लाल दिसल्या, म्हणजे ४५०. हा फरक किरकोळ नाही. ८५० च्या पॉटवर ८५० आले, तर २,५५० होणाऱ्या पॉटसाठी आपले ८५० जातात; तिनांत एकदा जिंकलो तरच कॉल भरून निघतो. ४५० असते तर १,७५० साठी ४५०, म्हणजे सव्वीस टक्क्यांच्या आसपास पुरले असते. मी स्वस्त समजून “कॉल” म्हणालो आणि मग चिप्स मोजल्या. तोंडून निघालेला शब्द पाळायचा, असा आमचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. नानांनी राजा आणि राणी उघडली. “दख भो, राजा शे,” एवढेच ते म्हणाले.

दोष केवळ बल्बचा किंवा रंगाचा असता, तर मी हे इतक्या विस्ताराने लिहिले नसते. रात्री वही घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की रक्कम ४५० असती तरी तो कॉल चूकच होता. टर्नपर्यंत माझ्या फुल हाउसला मारणाऱ्या दोन पानांच्या जोड्या १,०३५ पैकी फक्त ९ होत्या: दोन राजे, राजा-अठ्ठी किंवा राजा-चौकी. रिव्हरच्या चौकीनंतर पटावर दोन राजे आणि दोन चौक्या झाल्या. आता ज्याच्याकडे कोणताही एक राजा आहे, त्याचे तीन राजे व दोन चौक्या असे फुल हाउस आपोआप तयार होते, आणि ते माझ्या तीन अठ्ठ्यांच्या वरचे असते. मारणाऱ्या जोड्या ९ वरून ८८ झाल्या. ज्या चौकीने मला काहीच केले नाही असे वाटले, तिने नानांचे तीन राजे माझ्या डोक्यावर नेऊन बसवले.

तरीही ८८ म्हणजे ९९० पैकी केवळ नऊ टक्के, असा विचार कोणी करील, आणि मीही त्या क्षणी काहीसा असाच विचार केला असावा. पण ते गणित समोरच्याकडे कोणतीही दोन पाने असू शकतात, असे मानून केलेले आहे. नाना कोणत्याही दोन पानांनी पॉटएवढी रक्कम लावत नाहीत. रेझला कॉल, फ्लॉपला कॉल, टर्नला कॉल आणि रिव्हरला अचानक ८५०, असे चार टप्पे ज्यांतून जातात अशी पानेच मोजायला हवीत. एक्का-राजा, राजा-राणी आणि राजा-गुलाम यांच्या प्रत्येकी आठ, म्हणजे चोवीस जोड्या मला मारतात. नाना एक्का-राजा असतानाही रेझ करत नाहीत, म्हणून तो धरावाच लागतो. मी ज्यांना मारतो अशांत, ओढूनताणून, एका रंगाचे एक्का-चौकी व पंजी-चौकी मिळून चार. चोवीस हरण्याच्या जोड्यांपुढे तिनांत एक हा हिशेब जुळायला बारा जिंकण्याच्या जोड्या लागतात. उरलेल्या आठ नानांनी बदामांच्या फसलेल्या फ्लशवर थाप मारली तरच भरून निघतील. नानांनी इतक्या रविवारांत एकदाही थाप मारलेली नाही. फुल हाउस असूनही ती पाने टाकायलाच हवी होती.

पेटीतल्या कागदाच्या मागच्या बाजूवर हा एवढा हिशेब छापला असता, तर संचाची किंमत दीडशे रुपयांनी वाढली तरी मी दिली असती. त्याऐवजी तिथे दुसऱ्या खेळांची चित्रे आहेत.

या धड्याचा परिणाम मात्र माझ्यावर उलटाच झाला. पुढच्याच रविवारी माझ्याकडे किलवर एक्का आणि किलवर सत्ती होती. फ्लॉपवर किलवर राणी, किलवर नव्वी आणि बदाम पंजी, टर्नला किलवर दुर्री आणि रिव्हरला चौकट नव्वी आली. एक्क्याचा फ्लश, पण पटावर नव्वीची जोडी. पॉट ९०० होता. भाच्याने ३०० टाकले. मागच्या रविवारचे फुल हाउस अजून डोळ्यांपुढे असल्याने मी गंभीर चेहऱ्याने पाने टाकली. भाच्याने हसत गुलाम आणि दश्शी दाखवली. त्याचा सिक्वेन्स हुकला होता. इथे मला मारणाऱ्या जोड्या ९९० पैकी अवघ्या २८ होत्या, १,५०० च्या पॉटसाठी मला ३०० टाकायचे होते, म्हणजे पाचांत एकदा जिंकणे पुरेसे होते, आणि समोर असा मुलगा होता की ज्याचा ड्रॉ (एका पानावर अडलेला डाव) हुकला की हात शिवशिवतात. नानांपुढची शिस्त मी भाच्यापुढे वापरली, ही सरळ चूक होती. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीत सॅमी फार्हा यांनीही नव्वीची जोडी टाकून दिली होती आणि समोर ख्रिस मनीमेकर यांच्याकडे हुकलेला सिक्वेन्स व हुकलेला फ्लश होता, हे आठवून मी स्वतःचे थोडे समाधान करून घेतले. अर्थात त्यांच्यापुढे ऑल-इन, म्हणजे समोरच्याच्या सगळ्या चिप्सचा डाव, होता आणि माझ्यापुढे तीन हिरव्या चिप्स, हे सोयीस्करपणे विसरून.

भारी पाने टाकायला शिकलेल्या माणसाला हा धोका कायम राहतो. समोरच्याने पॉटएवढी रक्कम लावली आणि आपण निम्म्याहून अधिक वेळा पाने टाकू लागलो, तर त्याला पाने पाहण्याचीही गरज उरत नाही; तो डोळे मिटून रक्कम लावत राहिला तरी फायद्यात असतो. भाच्याने हे आमच्याआधी ओळखले होते. महिनाभर बाकीच्यांनी त्याचा चहा प्यायलाच नाही.

पत्त्यांविषयी थोडक्यात. दोन्ही कॅट कागदी आहेत, वरून प्लास्टिकचा मुलामा दिला आहे. कोपऱ्यावरचे आकडे मोठे असल्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही पट वाचता येतो, ही चांगली बाजू. पण एप्रिलच्या उन्हाने पाने कमानीसारखी वाकली आणि एका कॅटमधला इस्पिक एक्का पाठीवरूनच ओळखू येऊ लागला. समोरच्याकडे एक्का आहे हे पाठीवरून कळत असेल, तर कॉल-फोल्डचा सगळा विचारच व्यर्थ ठरतो. तो कॅट आम्ही रमीलाही न वापरता मुलांना घरे बांधायला दिला. ज्यांना खानदेशात उन्हाळ्यात खेळायचे आहे, त्यांनी पूर्ण प्लास्टिकचे पत्ते वेगळे घ्यावेत. पेटीतले पत्ते केवळ शिकण्यापुरते समजावेत. डीलरची चकती ठीक आहे. पेटीचे एक कुलूप तिसऱ्या महिन्यात निखळले. सुतळी बांधून काम चालले आहे.

रंगांच्या घोटाळ्यावर आम्ही आधी उपाय केला तो निळ्या चिप्सवर किराणा दुकानातील किमतीच्या चिकटपट्ट्या लावण्याचा. घामाच्या हातांनी त्या आठवडाभरात निघाल्या. मग ओसरीवर पांढरा एलईडी दिवा लावला आणि प्रश्न बराचसा मिटला. शिवाय पन्नासाहून अधिक रक्कम टाकताना ती तोंडाने सांगायची, असा नियमही केला. नाना आता “आठशे पन्नास” असे ठणठणीत सांगून चिप्स सरकवतात, आणि ते सांगतात तेव्हा बहुतेक जण पाने टाकतात.

सहा जणांच्या घरगुती बैठकीसाठी हा संच घ्यायला माझी हरकत नाही, फक्त आकडे छापलेल्या चिप्सचा संच तीनचारशे रुपये जास्त देऊन मिळत असेल, तर तो घ्यावा. दुकानात सुट्या चिप्स मिळत नाहीत, हे मात्र आधीच लक्षात ठेवावे. आखाजीच्या गर्दीत आमची एक निळी चिप हरवली. तिच्या जागी आता कॅरमची लाल सोंगटी ५०० म्हणून चालते, आणि पिवळा बल्ब असो की पांढरा दिवा, ती पुढे आली की तिची किंमत कोणालाच विचारावी लागत नाही.